स्वतःशी मैत्री : मानसिक आघातातून सावरताना

शाळेच्या प्रवेश-अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. इयत्ता सहावीत या वसतिगृहात दाखल होताना मी त्या रकान्यात 'शेती' असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. प्रत्यक्षात माझे वडील आदल्या वर्षीच गेले होते. कापसाचे पीक हातचे गेले, कर्ज डोक्यावर राहिले आणि त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. 'कोणी विचारलेच तर आजाराने गेले म्हण,' असे नातेवाइकांनी मला बजावले होते. मी त्याच्याही पुढे गेलो. ते गेलेच नाहीत, असे सांगू लागलो. पालक-भेटीच्या रविवारी वाटूर फाट्यावर एस.टी.तून उतरून आई एकटीच येत असे. 'वडील कापूस घेऊन जिनिंगला गेलेत,' असे मी मित्रांना सांगत असे. भर उन्हाळ्यात, कोणाच्याही घरात कापसाचे बोंड शिल्लक नसताना, माझे वडील जिनिंगलाच असत.

आज चाळिशी ओलांडल्यावर आणि स्वतः शिक्षक झाल्यावर मला कळते की त्या खोट्यामागे फसविण्याची इच्छा नव्हती. ज्या मुलाचे वडील तसे गेले तो मुलगा मी आहे, ही ओळखच मला नको होती. म्हणून मी त्या मुलाशी बोलणे सोडले होते. मानसिक आघातातून सावरणे म्हणजे काय, याचा विचार करताना मला हीच गोष्ट मध्यवर्ती वाटते : आघाताने माणूस इतरांपासून तर तुटतोच; पण त्याआधी तो स्वतःपासून तुटतो. त्याला परत यायचे असते ते प्रथम स्वतःजवळ. प्रस्तुत लेखात या परतीच्या वाटेचा विचार आपल्या समाजाच्या अनुभवाच्या आणि धम्माच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे.

आघात म्हणजे काय?

दुःख सर्वांच्याच वाट्याला येते. परंतु प्रत्येक दुःख हा आघात नव्हे. जी घटना मनाला पेलवत नाही, जिच्यापुढे माणूस पूर्णपणे असहाय होतो आणि जी घडून गेल्यावरही मनात 'घडून गेलेली' म्हणून जमा होत नाही, तिला मानसिक आघात म्हणता येईल. अपघात, हिंसा, अत्याचार, आप्ताचा अकस्मात मृत्यू, भूकंपासारखी आपत्ती, तसेच वर्षानुवर्षे सोसलेला अपमान, ही त्याची कारणे असू शकतात. मनोविकारशास्त्राने या अवस्थेला स्वतंत्र आजार म्हणून अधिकृत स्थान दिले ते १९८० साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. त्याची मुख्य लक्षणे अशी : नको असताना घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, तिची आठवण करून देणारी माणसे, जागा व विषय टाळणे, मन सतत सावध, दचकलेले राहणे, आणि स्वतःविषयी 'मीच वाईट', 'माझेच चुकले' असा समज दृढ होणे.

यांपैकी शेवटचे लक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. आघात माणसाला एक नवे नाव देतो. 'भित्रा', 'अपशकुनी', 'कलंकित', 'त्या घरातला' अशी ती नावे असतात. कधी ती लोक देतात, कधी माणूस स्वतःच स्वतःला देतो. मग तो एक तर त्या नावालाच आपली संपूर्ण ओळख मानतो, किंवा मी केले त्याप्रमाणे एखाद्या दुसऱ्या, सुरक्षित नावामागे लपतो. दोन्ही प्रकारांत त्याची स्वतःशी भेट होत नाही.

बडोद्याची धर्मशाळा आणि अठरा वर्षांनंतरचे अश्रू

नावामागे लपावे लागण्याचा अनुभव खुद्द बाबासाहेबांनाही आला होता. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ च्या सुमारास बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहण्यासाठी जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. थोड्याच दिवसांत ते उघड झाले. हातात काठ्या घेतलेले दहा-बारा जण दाराशी येऊन उभे राहिले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत नोंदविला आहे. ही टिपणे १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्याच टिपणांत १९०१ सालचा मसूर स्टेशनवरचा प्रसंगही आहे. वडिलांना भेटायला निघालेली लहान भावंडे, जात कळताच दूर झालेला स्टेशनमास्तर, बैलगाडी मिळविताना झालेली मानखंडना आणि रात्रभर न मिळालेले पाणी, हे सारे त्यांनी बारीकसारीक तपशिलांसह लिहिले आहे.

या लेखनातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बडोद्याचा तो देखावा अठरा वर्षे उलटल्यावरही मनातून पुसला गेलेला नाही आणि तो आठवताना आजही डोळ्यांत पाणी येते, असे बाबासाहेब मोकळेपणाने सांगतात. तोवर महाडचा सत्याग्रह झाला होता, गोलमेज परिषदा झाल्या होत्या. देशातील एक प्रमुख नेता म्हणून त्यांची ओळख प्रस्थापित झाली होती. तरीही काठ्यांसमोर गयावया करणाऱ्या त्या तरुण माणसाला त्यांनी नाकारले नाही. तो मीच होतो, असे म्हणून त्याच्या शेजारी ते बसले आणि त्याची हकिकत लिहून काढली. आठवण आली, डोळे भरून आले, म्हणजे माणूस दुबळा आहे, असे मानणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने ही टिपणे वाचावीत.

दगडू, दया आणि फळ्यांवर लपविलेली पाने

बाबासाहेबांच्या नंतरच्या पिढीने हेच काम आत्मकथनांतून केले. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीने प्रकाशित केले. त्याची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात हा दगडू आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकणारा असतो दया पवार. एकाच माणसाचे हे दोन भाग. एक गावकुसाबाहेरचा, कावाखान्यातल्या वस्तीत वाढलेला. दुसरा शिकलेला, नोकरी करणारा, कवी म्हणून मान्यता पावलेला. शिकलेला माणूस आपल्यातील दगडूला टाळू शकला असता. त्याऐवजी त्याने त्याला समोर बसवून त्याचे सारे ऐकून घेतले, लाजिरवाण्या गोष्टींसह. आपली लाज चव्हाट्यावर मांडली, असा आक्षेप त्या वेळी आपल्यातूनच घेतला गेला. तो आक्षेपही समजून घेण्यासारखा आहे. कारण नुकतीच मान वर करू लागलेल्या समाजाला जुन्या जखमेकडे पाहणे अवघड जाते. परंतु अनेक वाचकांनी त्या पुस्तकात स्वतःला पाहिले आणि पुढे अनेकांनी आपली कहाणी लिहिण्याचे धैर्य केले.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची वाट आणखी खडतर होती. किराणा दुकान सांभाळता सांभाळता त्या लिहीत असत आणि लिहिलेली पाने घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून लपवून ठेवत असत. अशी सुमारे वीस वर्षे गेली. फलटणमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी विश्वास दिल्यावर ते लेखन बाहेर आले. 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. या पुस्तकात 'मी'पेक्षा 'आम्ही' अधिक आहे. समाजाची वेदना त्यांनी निर्भयपणे लिहिली. मात्र पतीकडून स्वतःला झालेली मारहाण त्यांनी त्या पुस्तकात घेतली नाही. ती त्यांनी पुढे अनुवादिका माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितली. यातून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, माणूस एकदम सारे सांगत नाही. ज्याची वेळ आली असेल तेवढेच सांगतो आणि त्याला तो अधिकार आहे. दुसरी, सांगण्यासाठी ऐकणारे एक तरी विश्वासाचे माणूस लागते. याच बेबीताईंनी फलटणजवळच्या निंबुरे येथे मागासवर्गीय मुलांसाठी आश्रमशाळा सुरू केली, हे निवासी शाळेच्या या स्मरणिकेत आवर्जून नमूद केले पाहिजे. स्वतःच्या दुःखाशी बोलू शकलेला माणूस दुसऱ्याच्या मुलांसाठी घर उभे करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या मराठवाड्यात तर नावासाठीच एका पिढीने आघात सोसला. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत झाला आणि त्यापाठोपाठ गावोगावी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या दिवसाचा आनंद आपण दरवर्षी साजरा करतो. परंतु मधल्या सोळा वर्षांत, विशेषतः त्या पहिल्या रात्रींत, आजी-आजोबांनी काय पाहिले, कोणत्या शिवारात लपून रात्र काढली, याविषयी घराघरांत फार थोडे बोलले गेले आहे. लढ्याचा अभिमान सांगितला गेला. भीती मात्र सांगायची राहून गेली. मुलांना अभिमान वारशाने मिळाला. काही घरांत कारण न सांगता भीतीही मिळाली.

'अनात्म' आणि स्वतःशी मैत्री

येथे एक शंका उपस्थित होते. धम्म अनात्मवादी आहे. 'मी' असे काही शाश्वत नाही, असे तथागतांनी सांगितले. मग स्वतःशी मैत्री, स्वतःची ओळख ही भाषा धम्माशी विसंगत नव्हे काय?

या शंकेचे उत्तर मला 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात सापडते. १९५० साली औरंगाबाद येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी ज्याचे नाव दिले, तोच हा राजा मिलिंद. त्याने भिक्खू नागसेनांना नाव विचारले. 'नागसेन' हे केवळ व्यवहाराचे नाव आहे, असे त्यांनी उत्तर दिले आणि राजा ज्या रथातून आला त्या रथाचा दाखला दिला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. या साऱ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. आघात सोसलेल्या माणसाला या दृष्टांताचा मोठा आधार आहे. ज्याचे एक चाक मोडले तो म्हणतो, 'मी म्हणजे हे मोडलेले चाकच.' धम्म त्याला सांगतो की कोणताही एक भाग म्हणजे तू नव्हेस. मोडलेलाही नव्हे आणि मिरविण्याचाही नव्हे. अनात्माचा उपदेश स्वतःचा तिरस्कार करण्यासाठी नाही. एखाद्या घटनेला 'हेच माझे कायमचे स्वरूप' असे मानून तिच्याशी जखडून घेण्यापासून तो सोडवितो.

मैत्री भावनेचा क्रमही हेच शिकवितो. आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मैत्रीची भावना प्रथम स्वतःविषयी करावी आणि मग प्रिय, तटस्थ व वैरी व्यक्तींपर्यंत ती वाढवावी, असे सांगितले आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळदा ती पहिली पायरी घाईने ओलांडली जाते. साऱ्या जगाचे मंगल चिंतणारा मुलगा स्वतःला मात्र मनातल्या मनात शिव्या देत असतो.

थेरीगाथेतील पटाचारेची कथा बहुतेकांना परिचित आहे. पती, दोन मुले, आई-वडील व भाऊ यांना एकाच वेळी गमावून ती देहभान हरपलेल्या अवस्थेत श्रावस्तीत भटकत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलून देत होते. तथागतांनी तिला 'भगिनी' म्हणून हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. कोणीतरी अंगावर पांघरण्यास वस्त्र दिले. मग तिचे ऐकून घेतले गेले आणि त्यानंतर उपदेश झाला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी हाक, मग वस्त्र, मग ऐकणे आणि शेवटी उपदेश. पुढे हीच पटाचारा पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या अनेक स्त्रियांची मार्गदर्शक झाली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे मांडले आहेत. पहिला सुरक्षिततेचा, दुसरा आठवण आणि शोकाचा, तिसरा जगाशी पुन्हा नाते जोडण्याचा. पटाचारेच्या कथेत हे तिन्ही टप्पे आहेत.

वसतिगृहाने आणि पालकांनी काय करावे?

मोठ्या घरात मूल एकटे पडते, तसे ते भरल्या वसतिगृहातही एकटे पडू शकते. आपल्या भागातील कित्येक मुलांचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतात. काहींच्या घरी व्यसन, मारहाण किंवा मृत्यू घडलेला असतो. मुले हे बोलून दाखवीत नाहीत. त्यांचे पोट वारंवार दुखते, अंथरूण ओले होते, अभ्यासात अचानक घसरण होते, क्षुल्लक कारणावरून राग उसळतो किंवा ती अतिशय शहाण्यासारखी, गप्प वागू लागतात. या शेवटच्या मुलांकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते. कारण त्यांचा कोणालाच त्रास नसतो.

अनुभवावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुलाचे दिनमान नियमित असावे; झोपेची वेळ, जेवणाची वेळ व आईशी बोलण्याचा दिवस निश्चित असावा. सुरक्षितता मुलाला शब्दांपेक्षा अशा नेमातून कळते. खासगी प्रश्न चारचौघांत विचारू नयेत. मूल सांगू लागले की मध्येच उपदेश करू नये आणि 'विसरून जा' असे म्हणू नये. जे सांगितले त्याची वाच्यता करू नये. मात्र कोणी त्याला इजा करीत असेल, तर ते गुपित ठेवता येत नाही, हेही त्याला आधीच सांगावे. वही-पेन हाती द्यावे. लिहिलेले वाचून दाखविण्याची सक्ती करू नये.

ध्यानाविषयीही सावधपणा हवा. आनापान व मैत्री भावना यांनी मन स्थिर होण्यास मदत होते, परंतु ताज्या जखमेच्या माणसाला डोळे मिटून दीर्घकाळ बसविले तर ती घटनाच समोर उभी राहू शकते. अशा मुलाला डोळे उघडे ठेवून, थोडाच वेळ, एखाद्या जाणत्या माणसाच्या सोबतीने बसू द्यावे. चालण्याचे ध्यान, झाडांना पाणी घालणे, खेळणे हेही उपयोगी पडते. स्वतःविषयी मैत्री चिंतणे जमत नसेल, तर आवडत्या माणसापासून किंवा घरच्या शेळी-वासरापासून आरंभ करावा.

आणि जेथे आपली मर्यादा संपते तेथे तज्ज्ञाकडे जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत उपचार मिळतात. केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नसतो, तसा यातही नाही. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवावी.

एक काळ बदलला

आरंभीच्या हकिकतीचा उत्तरार्ध सांगून हा लेख संपवितो. माझे खोटे आमच्या अधीक्षक सरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आईने त्यांना सारे सांगितले होते. त्यांनी वर्षभर मला उघडे पाडले नाही. एका संध्याकाळी आम्ही दोघे आवारातल्या लिंबाच्या रोपांना पाणी घालत होतो. त्यांनी सहज विचारले, "तुझे वडील कापूस कोणत्या महिन्यात लावायचे रे?" 'लावतात' असे ते म्हणाले नाहीत; 'लावायचे' म्हणाले. मी बराच वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, "पहिला पाऊस पडला की लावायचे, सर. मला सोबत न्यायचे." बादली रिकामी झाली होती, तरी आम्ही तेथेच उभे होतो. त्या संध्याकाळी वडिलांविषयी मी खूप बोललो. ते कसे गेले यावर फारसे नाही, ते कसे होते यावर अधिक. वडील गेलेला मुलगा आणि वडिलांबरोबर सरकी टोबणारा मुलगा एकच आहेत, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

आता प्रवेशाच्या दिवसांत माझ्यासमोर मुले बसतात. तो रकाना आला की मी पेन खाली ठेवतो आणि मुलाला सांगतो, "हे आपण नंतर, दोघेच असताना भरू. घाई नाही." काही रकाने जूनमध्ये भरले जातात, काही दिवाळीनंतर. एक-दोन अजून मोकळे आहेत.

सर्व मुलांचे मंगल होवो. आणि त्या मंगलकामनेत प्रत्येकाने स्वतःलाही धरावे.